फेरीबोटीच्या पलीकडचं गाव : दिवाडी बेटावर राहायचं कुठं, फिरायचं कसं?

मी इस्लापूरहून बोलते आहे. बचतगटांची समन्वयक म्हणून एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, नोंदवह्या आणि दशसूत्री यांवर बोलते. आज विषय वेगळा आहे. आज आपण एका बेटावर जाणार आहोत.

गेल्या जानेवारीत आमच्या गटातल्या आम्ही अकरा जणी गोव्यातल्या दिवाडी बेटावर तीन रात्री राहून आलो. परत आल्यापासून ज्या गावात बैठकीला जाते, तिथं हप्ता भरून झाला की बाया विचारतात, "ताई, बेटावर राहिलात म्हणजे नेमकं कुठं राहिलात? चहूकडं पाणी, मग फिरलात कशात? खर्च किती आला? सोबत माणूस कोण होता?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हा विषय घेतला. कधी जायचं ठरलं तर कागद-पेन्सिल घेऊन ऐका.

बेट म्हणजे नेमकं काय?

चारही बाजूंनी पाणी असलेली जमीन म्हणजे बेट, हे आपण शाळेत शिकलो. पण बेट समुद्रातच असतं असं नाही. नदीतही बेटं असतात. आसामात ब्रह्मपुत्रेत माजुली नावाचं मोठं बेट आहे, तिथं हजारो लोक राहतात. दिवाडी हेही नदीतलंच बेट. गोव्याची मांडवी नदी त्याला वळसा घालून समुद्राकडं जाते. शेजारीच चोडण नावाचं दुसरं बेट आहे.

अंदमानला जावं असं पुष्कळ जणींच्या मनात असतं. सेल्युलर जेल बघायची, सावरकरांची कोठडी बघायची. ती इच्छा चांगलीच आहे. पण अंदमान आपल्या किनाऱ्यापासून हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. विमानानं जावं लागतं, नाहीतर चेन्नईहून जहाजात दोन-तीन दिवस काढावे लागतात. तिथं गेल्यावर एका बेटावरून दुसऱ्यावर जायला पुन्हा बोटीचं तिकीट. लक्षद्वीपला तर आधी परवाना काढावा लागतो. पहिल्यांदाच बेटावर निघालेल्या बाईनं जवळचं बेट निवडावं. तिथं आपली भाषा समजते, रेल्वे जवळपर्यंत जाते आणि चुकलं तरी परत फिरता येतं. दिवाडी तसं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. दिवाडीवर समुद्रकिनारा नाही. वाळू आणि लाटा हव्या असतील तर पणजीजवळ मिरामारला जायचं. दिवाडीवर भातशेती आहे, नारळी-पोफळी आहेत, जुनी कौलारू घरं आहेत, टेकडीवर चर्च आहे, देवळं आहेत आणि शांतता आहे.

आपल्या गावातून तिथवर

आम्ही किनवटहून नंदिग्राम एक्स्प्रेस धरली. आपल्या हिमायतनगर, भोकर, नांदेड मार्गानं जाणारी हीच गाडी पुढं परभणी, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक, कल्याण करत मुंबईला जाते. दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे ठाण्याला पोचवते. मुंबईपर्यंत जायची गरज नाही, ठाण्यालाच उतरायचं. कोकण रेल्वेनं गोव्याला जाणारी मांडवी एक्स्प्रेस सकाळी आणि कोकणकन्या एक्स्प्रेस रात्री, या दोन्ही गाड्या ठाण्याला थांबतात. आम्ही मांडवीचं आरक्षण केलं होतं. दिवसभर खिडकीतून बोगदे, पूल, आंब्याच्या बागा बघत गेलो. आमच्यातल्या चौघींनी त्याआधी बोगदा पाहिलाच नव्हता. पहिल्या बोगद्यात डबा अंधारला तेव्हा एक काकू मोठ्यानं "विठ्ठल, विठ्ठल" म्हणाल्या आणि सगळा डबा हसला.

उतरायचं स्टेशन करमळी. मडगावचं तिकीट काढू नका, ते पुढं राहतं. करमळीहून जुनं गोवं तीन-चार किलोमीटर आहे. तिथल्या धक्क्यावरून दिवाडीची फेरीबोट सुटते.

तिकिटाबद्दल चार गोष्टी. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी सुरू होतं. ते सुरू होताच करा, विशेषतः कोकण रेल्वेचं. स्लीपर डब्यात एकट्या किंवा गटानं जाणाऱ्या बायकांसाठी थोड्या जागा राखीव असतात, त्या महिला कोट्यातून मागाव्या. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे. त्यासाठी फॉर्मवर वय बरोबर लिहा, लाजून कमी लिहू नका. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे, ती धरून हिशोब करू नका.

कुणाला एसटीनं जायचं असेल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे. सावंतवाडी-बांद्यापर्यंत अर्ध्या तिकिटात जाता येतं. तिथून पुढं गोव्याच्या कदंब महामंडळाची किंवा खाजगी बस मिळते, तिला पूर्ण भाडं. आमच्या भागातून एसटीचा प्रवास फार लांब पडतो आणि अंग मोडून येतं, म्हणून आम्ही रेल्वे घेतली.

फेरीबोट : बेटाचा रस्ता

दिवाडीला पूल नाही, गावात जायचं तर फेरीबोटीनंच. आमच्या घरमालकीण बाई कोकणीत म्हणाल्या, "फेरीबोट म्हळ्यार आमचो रस्तो." ते खरंच आहे. सकाळी त्या बोटीत दूधवाला असतो, शाळेची लेकरं असतात, पणजीला कामावर जाणारी माणसं असतात, मासळीची टोपली घेतलेली बाई असते. बोट म्हणजे लोखंडी सपाट तराफा. त्यावर मोटारसायकली, मोटारगाड्या आणि माणसं सगळीच एकदम चढतात. नदी ओलांडायला पाच-दहा मिनिटं लागतात.

या बोटी गोवा सरकारचं नदी परिवहन खातं चालवतं. पायी जाणाऱ्या माणसाला भाडं नाही. आमच्या आक्का पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून तिकीट देणाऱ्याला शोधत राहिल्या, पण तिकीट देणारा नव्हताच.

दिवाडीला तीन बाजूंनी फेरी आहे. एक जुन्या गोव्याहून, एक रायबंदरहून आणि एक उत्तरेला डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावाकडून. त्यामुळं राहण्याचं घर ठरवताना एक प्रश्न नक्की विचारा, "तुमचं घर कोणत्या धक्क्याला जवळ?" बेट लहान असलं तरी सामान डोक्यावर घेऊन चालायचं तर लांबच पडतं.

आमची चूकही सांगते. तिसऱ्या दिवशी पणजीहून परत येताना आम्ही रायबंदरला आलो. रायबंदरहून दिवाडीलाही फेरी जाते आणि चोडणलाही. आमच्यातल्या चौघी गर्दीमागं चढल्या आणि चोडणला पोचल्या. फोन आला, "ताई, इथं आपलं चर्च दिसंना." परत त्याच बोटीनं आल्या. पैसे गेले नाहीत, पण अंधार पडला असता तर घाबरगुंडी उडाली असती. म्हणून चढण्याआधी बोटीवरच्या माणसाला विचारायचं, "ही दिवाडीला जाते ना?" विचारण्यात कमीपणा नाही.

रात्रीच्या वेळी फेऱ्या कमी होतात आणि मध्ये काही तास बंदही असतात. शेवटची फेरी किती वाजता, हे पोचल्याबरोबर विचारून सगळ्यांच्या फोनमध्ये लिहून ठेवा. शेवटची फेरी चुकली तर मुक्काम नदीच्या अलीकडं, हे कोणत्याही बेटावर लक्षात ठेवायचं. अंदमानात तर वारं सुटलं की बोटीच रद्द होतात. म्हणून परतीच्या रेल्वेच्या आदल्या रात्री बेटावर राहू नये, किंवा राहिलं तर अर्धा दिवस हातचा ठेवावा. आमची परतीची कोकणकन्या संध्याकाळची होती, तरी आम्ही सकाळच्या जेवणाआधीच बेट सोडलं आणि वेळ जुन्या गोव्यात काढला.

राहायचं कुठं?

तीन मार्ग आहेत. तिन्हींचे गुण-दोष सांगते.

पहिला मार्ग, बेटावरच्या एखाद्या घरात राहणं. याला होमस्टे म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात याच धर्तीवर ‘न्याहारी व निवास’ योजना आहे. घरातले लोक एका भागात राहतात, दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देतात, सकाळची न्याहारी देतात, सांगितलं तर जेवणही करतात. बायकांच्या गटाला हे सगळ्यात बरं. घरात बाईमाणूस असते. अडीअडचणीला, पाळी आली, पोट बिघडलं, काही लागलं, तर मोकळेपणानं सांगता येतं. आम्ही तीन खोल्या घेतल्या, चार, चार आणि तीन अशा झोपलो. एका खोलीला रात्रीचे तेवीसशे रुपये पडले. बेटावर मोठं, महागडं रिसॉर्टही आहे, पण ते आपल्या हिशोबातलं नाही.

दुसरा मार्ग, पणजीत किंवा जुन्या गोव्याच्या बाजूला राहून दिवसा बेट बघून येणं. गोवा पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानं आहेत, साधी लॉजही आहेत. ज्यांना दुकानं, दवाखाना, बसस्टँड जवळ हवा त्यांनी इथं राहावं. जुन्या गोव्याहून पणजी दहाएक किलोमीटर आहे आणि बस सारखी असते. पण बेटावरची सकाळ आणि संध्याकाळ बघायला मिळत नाही.

तिसरा मार्ग, देवळाची अग्रशाळा. फोंडा तालुक्यात मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा अशी मोठी देवस्थानं आहेत. तिथं भाविकांसाठी राहण्याच्या खोल्या असतात, त्यांना अग्रशाळा म्हणतात. खर्च कमी, जागा सोवळी-स्वच्छ, जेवण शाकाहारी. आधी फोन करून बाहेरगावच्या भाविकांना खोली देतात का हे विचारावं. आमच्या गटात दोघी माळकरी होत्या, त्यांचा आग्रह इथंच राहण्याचा होता. मग आम्ही ठरवलं की राहायचं बेटावर आणि एक दिवस मंगेशी-शांतादुर्गेचं दर्शन. दोघींचंही मन राहिलं.

घर ठरवण्याआधी विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवले होते, ते जसेच्या तसे सांगते. घर नक्की कोणत्या गावात, धक्का कोणता? खोलीत किती जणी झोपू शकतो, जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे का? संडास-बाथरूम खोलीला लागून का बाहेर, आणि संडास खुर्चीचा का बसायचा? गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न फार मोठा आहे. दाराला आतून कडी आहे का? जेवण मिळेल का, शाकाहारी वेगळ्या भांड्यात होईल का? आगाऊ किती द्यायचे आणि जाणं रद्द झालं तर किती परत? धक्क्यावरून घ्यायला कुणी येईल का? उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागवायची. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

हे प्रश्न मी कशातून शिकले तेही सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या दुसऱ्या एका गटानं एका एजंटाला सगळी रक्कम आधीच दिली होती. "बेटावर मुक्काम" असं तो म्हणाला होता. प्रत्यक्षात हमरस्त्याकडेच्या एका लॉजवर उतरवलं, आठ जणींना दोन खोल्या, आणि बेट बसच्या खिडकीतून दाखवलं. भांडायला हातात कागद नव्हता. त्यांच्या अध्यक्ष मला म्हणाल्या होत्या, "पैसे गेल्याचं दुःख नाही, पण घरी आल्यावर नवऱ्याला काय सांगू, हे वाटलं." म्हणून आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नका आणि पावती घ्या.

बेटावर फिरायचं कसं?

दिवाडी पायी फिरायचं बेट आहे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर चालावं. दुपारी ऊन आणि दमट हवा अंगावर येते. आपल्याकडं ऊन कडक पण कोरडं असतं. तिथं घाम वाळतच नाही, म्हणून पाणी जास्त लागतं आणि सुती कपडेच बरे.

धक्क्यापासून गावात जायला अधूनमधून लहान बस येते, पण तिच्या भरवशावर राहू नये. ज्यांना गाडी चालवता येते त्या भाड्यानं स्कूटर घेऊ शकतात. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. तीच घ्यायची, कुणाची घरगुती गाडी घ्यायची नाही. परवाना आणि हेल्मेट दोन्ही लागतात. गोव्यात मोटारसायकलवरून माणसं नेणारे ‘पायलट’ असतात, त्यांच्या गाडीचा रंग पिवळा-काळा असतो. एकटीला बसस्टँडवरून जवळपास जायचं तर ते स्वस्त पडतं. टॅक्सी-रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवायचं आणि माणशी का सगळ्यांचं मिळून, हे स्पष्ट विचारायचं. आम्ही अकरा जणींसाठी एक दिवस मोठी गाडी केली आणि बाकी दिवस बस व पाय.

बघायचं काय?

पियेदाद गावाच्या टेकडीवर मोठं चर्च आहे. तिथून सगळं बेट, नदी आणि पलीकडची जुन्या गोव्याची चर्चं दिसतात. चर्चमध्ये जाताना खांदे झाकलेले असावेत, मोठ्यानं बोलू नये. आपल्या देवळात दुसऱ्यानं जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच.

बेटाच्या उत्तर टोकाला नार्वे म्हणून भाग आहे. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर. त्याचं मूळ देऊळ इथं दिवाडीवर होतं. कोटितीर्थ नावाची जुनी तळी त्याची खूण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत ते देऊळ पाडलं गेलं आणि भक्तांनी लिंग नदीपलीकडं डिचोली तालुक्यात नेलं. त्या जागेलाही नार्वेच म्हणतात. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करवला. आम्ही बेटावरून फेरीनं नदी ओलांडून त्या देवळात गेलो. ज्या नदीतून देव नेला, तीच नदी आम्ही ओलांडत होतो. माझ्या शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत, नुसते हात जोडले.

शेतकरीण म्हणून मला सगळ्यात जास्त आवडली ती खाजण शेती. नदीत दोन वेळा भरती येते आणि खारं पाणी वर चढतं. ते शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात. बांधात लाकडी दारं असतात, त्याला ‘मानस’ म्हणतात. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. अशा जमिनीत कोरगुट नावाचा भात होतो, तो थोडं खारेपण सोसतो. एका घराचा बांध फुटला तर सगळ्यांचं शेत खारं होतं, म्हणून बांधाची राखण पूर्वीपासून सगळ्या गावानं मिळून करायची रीत. आपल्या गटाचं तरी दुसरं काय आहे? एकीचा हप्ता थकला की भोक सगळ्यांच्या बांधाला पडतं.

चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीच्या झाडांत लहान होडीनं फिरवतात. भरती-ओहोटी बघूनच होडी निघते, म्हणून वेळ आधी विचारावी. जुन्या गोव्याची चर्चं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तीही अर्ध्या दिवसात बघून होतात. ऑगस्टमध्ये चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां नावाचा झेंड्यांचा उत्सव असतो. तेव्हा गर्दी फार, खोल्या आधीच भरतात.

पाण्यात उतरू नका. मांडवीला ओढ आहे आणि जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी राहतात. मिरामारलाही घोट्यापर्यंतच. लाल झेंडा दिसला तर तेवढंही नाही. साडी भिजली की जड होते आणि पाय ओढते, हे आपल्याला नदीवर धुणं धुताना ठाऊक आहेच.

केव्हा जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नाताळ आणि नवीन वर्षाचे दिवस टाळा, खोल्यांचे दर फार चढतात. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा सोसत नाही. पावसाळ्यात बेट हिरवंगार होतं, पण तिथला पाऊस आपल्या किनवटच्या दुपटीहून जास्त. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वेगळं असतं. शिवाय त्या वेळी आपल्या घरी पेरणी-निंदणी असते. जानेवारीत कापूस वेचणी आवरत आली की निघावं.

पैशाचं आणि घरच्यांचं

आता मुख्य. सहलीसाठी गटाचं अंतर्गत कर्ज काढू नका. ते कर्ज बियाणं, शाळा, दवाखाना, धंदा यांसाठी आहे. आम्ही सहलीची वेगळी भिशी केली. महिन्याला तीनशे रुपये, दोन वर्षं. माणशी बहात्तरशे जमले. हिशोब वेगळ्या वहीत, दर बैठकीत वाचून दाखवायचा. प्रत्यक्ष खर्च असा झाला : रेल्वे जाऊन-येऊन १,७०० रुपये, राहणं १,९००, जेवण १,४००, गाडी-बस-होडी ६००. माणशी एकूण ५,६००. उरलेले सोळाशे ज्याचे त्याला परत दिले. घरून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी नेली होती, जातानाच्या प्रवासात जेवण विकत घेतलं नाही.

रोख सगळी एकीकडं ठेवली नाही. तिघींकडं वाटून ठेवली, थोडी फोनवर. बेटावर एटीएमच्या भरवशावर राहू नये. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्या. आधारकार्ड प्रत्येकीकडं मूळ हवं. एका कागदावर सगळ्यांची नावं, घरचे नंबर, उतरण्याचा पत्ता लिहून एक प्रत घरी आणि एक ग्रामसंघात ठेवली. रेल्वेत अडचण आली तर १३९, कुठंही धोका वाटला तर ११२.

भिशी सुरू केली तेव्हा आम्ही बारा जणी होतो. गेलो अकरा. एकीच्या घरी निघायच्या आठवड्यात नाही म्हणाले. "बायकांनी एकट्या बेटावर जाऊन काय करायचं?" मी दोनदा घरी गेले, पत्ता दाखवला, तिकीट दाखवलं. सासरे काही बोलले नाहीत आणि नवरा बाहेर निघून गेला. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "ताई, माझे पैसे परत नका करू, पुढच्या वेळेला ठेवा." तरी आम्ही दुसऱ्याच बैठकीत तिचे सगळे पैसे परत दिले, कारण नियम तो नियम. तिनं तिथल्या तिथं पुन्हा तीनशे भरले. ते तीनशे आमच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

पुढच्या वेळी चूक सुधारायची आहे. घरच्यांशी बोलणं शेवटच्या आठवड्यावर न ठेवता भिशीच्या पहिल्याच महिन्यात करायचं. त्यांना बैठकीत बोलवायचं, हिशोब दाखवायचा. माहिती नसते तिथं संशय वाढतो. सगळेच ऐकतील असं नाही, पण काही जण ऐकतात.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू बासष्ट वर्षांच्या. माहेर, सासर आणि दवाखाना सोडून आयुष्यात कुठं रात्र काढली नव्हती. पहिल्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे मी उठले तर त्या ओट्यावर बसलेल्या. मी विचारलं, "काकू, घरची आठवण येते का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. आज उठून कुणासाठी चूल पेटवायची नाही, हे कळेना मला काय करावं." मग घरमालकीण बाई आल्या, दोघींना चहा दिला, आणि दोघी भाताच्या जातींवर बोलत बसल्या. एकीची कोकणी, एकीची मराठवाडी, पण अडलं कुठंच नाही.

जाता जाता एक विचार. त्या घरमालकीण बाईंनी नवीन काही बांधलं नव्हतं. जुन्या घराच्या तीन खोल्या स्वच्छ केल्या, संडास चांगला केला, दाराला कड्या लावल्या आणि चार पदार्थ नेटके केले. आपल्या सहस्रकुंडला पावसाळ्यात पैनगंगेचा धबधबा बघायला किती माणसं येतात! त्यांतल्या बायका मलाच विचारतात, "ताई, इथं घरगुती जेवण कुठं मिळेल? हात-पाय धुवायला जागा आहे का?" महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये पर्यटनासाठी ‘आई’ नावाचं महिला धोरण आणलं आहे. त्यात पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बायकांना पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. आम्ही लगेच कर्ज काढणार नाही. पण येत्या पावसाळ्यात चार रविवार भाकरी-पिठल्याची पंगत लावून बघायची, असं गटात ठरलं आहे. चाललं तर पुढचं बघू, आणि नाही चाललं तर तेही तुम्हाला इथंच सांगेन.

तर मैत्रिणींनो, लिहून घेतलंत ना? भिशीची वही वेगळी, आरक्षण साठ दिवस आधी, उतरायचं करमळीला, धक्का कोणता हे विचारायचं आणि शेवटची फेरी चुकवायची नाही. तुमच्या गटाचे काही प्रश्न असतील तर पुढच्या बैठकीत लिहून द्या, त्यांची उत्तरं पुढच्या वेळी घेऊ.

नमस्कार.